अल्सरेटिव्ह कोलायटिसची औषधं: तुलना कशी करायची आणि बाजार कसा मोजायचा, पायरी पायरीने

माझ्या ताईकडे एक दोनशे पानी वही आहे. रोजची तारीख, किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, रात्री उठावं लागलं का, एवढे चारच रकाने पट्टीने आखलेले. ती कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि २०१६ पासून तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस (थोडक्यात यूसी) आहे. मी पुण्यात फार्मा कंपन्यांसाठी फोरकास्टिंग करतो, म्हणजे एखादं औषध किती खपेल याचे एक्सेल बनवतो, त्यामुळे हा आजार मला दोन्हीकडून दिसतो, घरी वहीत आणि ऑफिसात शीटवर. एम.फार्म करणारी, फार्मा एमबीए करणारी मुलं आणि नवीन अ‍ॅनालिस्ट सारखं विचारतात की सर यातलं बेस्ट औषध कुठलं आणि मार्केट किती मोठं, म्हणून मी स्वतः जसं काम करतो तसं सगळं क्रमाने लिहून काढतोय. पेशंटच्या घरच्यांनाही यातलं बरंच कामाला येईल, फक्त हे वाचून औषध बदलू नका, ते तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी बोलूनच.

पायरी १: आधी आजाराचे तुकडे पाडा

"यूसीचा पेशंट" असा एकच पेशंट नसतो, आणि शीट बनवणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. हा आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. कुणाचा तिथेच थांबतो, कुणाचा डाव्या बाजूपर्यंत जातो, कुणाचं अख्खं मोठं आतडं धरतो. नुसत्या गुदाशयापुरता असेल तर सपोझिटरीवर (गुदद्वारातून घ्यायची गोळी) वर्षानुवर्षं निभावतं, तो पेशंट बायोलॉजिकच्या (म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या महागड्या इंजेक्शनच्या) हिशोबात धरायचाच नाही.

दुसरा तुकडा तीव्रतेचा. ट्रायलमध्ये मेयो स्कोअर वापरतात, चार गोष्टींना ० ते ३ मार्क आणि एकूण १२: किती वेळा जावं लागतं, रक्त किती, दुर्बिणीतून आतडं कसं दिसतं आणि डॉक्टरांचं एकंदर मत. ताईच्या वहीतले मधले दोन रकाने म्हणजे याच स्कोअरचा अर्धा भाग, तिला ते कुणी शिकवलेलं नाही, तिचं तिलाच सुचलं. अगदी गंभीर केस ओळखायला अजून १९५५ चे ट्रूलव्ह आणि विट्सचे निकष चालतात: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) यापैकी काहीतरी. असा पेशंट ॲडमिट होतो, त्याचं औषध वेगळं, खर्च वेगळा, त्यामुळे बाजारही वेगळा.

तिसरी गोष्ट, हा आजार जातो आणि परत येतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता, २००७ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी पद सोडलं, २०१२ ला परत आले, मधली बरीच वर्षं औषधावर चांगली गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये आजार उलटल्यामुळे पुन्हा राजीनामा जाहीर केला. म्हणून औषधाकडे दोन प्रश्न घेऊन जायचं, आग विझवतं का आणि विझलेली ठेवतं का. डॉक्टर पहिल्याला इंडक्शन म्हणतात, दुसऱ्याला मेंटेनन्स. पैसा जवळजवळ सगळा दुसऱ्यात आहे.

पायरी २: औषधांची घराणी मांडा

एका कागदावर डावीकडून उजवीकडे, स्वस्त आणि जुनं ते महाग आणि नवं.

सुरुवात मेसालामाइनपासून. त्याच्या आधीचं सल्फासालाझिन स्वीडनच्या नन्ना स्वार्ट्झ यांनी खरं तर सांधेदुखीसाठी काढलं होतं, ते आतड्यालाही लागू पडलं, आणि १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान आणि ट्रूलव्ह यांच्या टीमने दाखवलं की त्यातला खरा काम करणारा भाग ५-एएसए आहे, तोच आजचा मेसालामाइन. सौम्य ते मध्यम आजारात दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, गोळीसोबत एनिमा किंवा सपोझिटरी घेतली तर नुसत्या गोळीपेक्षा जास्त फायदा होतो हे अनेक ट्रायलमध्ये आलंय, तरी आपल्याकडे पेशंट एनिमा घेत नाहीत, लाज वाटते, घरात जागा नसते, बाथरूम सामायिक असतं. ताईनेही सहा महिने घेतला नाही आणि डॉक्टरांना "घेतेय" सांगितलं. ते कागदावर "मेसालामाइन फेल" म्हणून लागलं. असे किती "फेल" तुमच्या शीटमध्ये बायोलॉजिकच्या रांगेत उभे आहेत याचा विचार करा.

मग स्टेरॉइड. आठवड्यात फरक पडतो, किंमत किरकोळ, म्हणून भारतात नव्या औषधाचा खरा प्रतिस्पर्धी हाच आहे. जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवली की गोळ्या मिळतात आणि पेशंट स्वतःच कोर्स रिपीट करतो. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि मेंटेनन्सला याचा काही उपयोग नाही. त्यानंतर अ‍ॅझाथायोप्रिन, स्वस्त आहे पण लागू पडायला दोन-तीन महिने लागतात. आपल्या लोकांमध्ये एनयूडीटी१५ या जीनमधला बदल युरोपियन लोकांपेक्षा जास्त सापडतो, अशांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येऊ शकतात, त्यामुळे सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) वरचेवर करावीच लागते.

पुढे महागडी घराणी. अँटी-टीएनएफमध्ये, म्हणजे सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणाऱ्यांत, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, गोलिमुमॅब. फक्त आतड्यावर काम करणारं वेडोलिझुमॅब. आयएल-१२/२३ (सुजेचे निरोप देणारी प्रथिनं) अडवणारं उस्टेकिनुमॅब आणि त्याच्या पुढची आयएल-२३ वाली मिरिकिझुमॅब, रिसांकिझुमॅब, गुसेल्कुमॅब. गोळ्यांमध्ये जॅक इनहिबिटर (पेशीच्या आतला सुजेचा संदेश अडवणारी), म्हणजे टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब, आणि एस१पी वाली (पांढऱ्या पेशींना गाठींमध्येच रोखणारी) ओझानिमॉड आणि एट्रासिमॉड. अमेरिकेत यूसीसाठी इन्फ्लिक्सिमॅबला २००५ मध्ये मंजुरी मिळाली, अडालिमुमॅबला २०१२, वेडोलिझुमॅबला २०१४, टोफासिटिनिबला २०१८, उस्टेकिनुमॅबला २०१९, ओझानिमॉडला २०२१, उपाडासिटिनिबला २०२२, एट्रासिमॉड आणि मिरिकिझुमॅबला २०२३, रिसांकिझुमॅब आणि गुसेल्कुमॅबला २०२४. तारखा एका ओळीत मांडल्या की दिसतं, पहिल्या तेरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी औषधं आली आणि नंतरच्या सहा-सात वर्षांत झुंबड उडाली. आज येणारं औषध रिकाम्या मैदानात येत नाही.

पायरी ३: ट्रायलचे आकडे वाचा, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीवर घालवतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच बघतो. नवीन मुलगा दहा ट्रायलमधले रेमिशनचे (आजार शांत झालेल्या पेशंटचे) टक्के एका कॉलममध्ये टाकतो, मोठ्यापासून लहान असं सॉर्ट करतो आणि वरच्याला विजेता म्हणतो. हे का चुकीचं ते उदाहरणानेच बघू.

टोफासिटिनिबच्या ऑक्टेव्ह इंडक्शन १ मध्ये आठ आठवड्यांनी रेमिशन १८.५ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या खोट्या गोळीवर) ८.२. ओझानिमॉडच्या ट्रू नॉर्थमध्ये दहा आठवड्यांनी १८.४, प्लासिबो ६. उपाडासिटिनिबच्या दोन इंडक्शन ट्रायलमध्ये आठ आठवड्यांनी २६ आणि ३४ च्या आसपास, प्लासिबो ५ आणि ४. मिरिकिझुमॅबच्या ल्यूसेंट-१ मध्ये बारा आठवड्यांनी २४.२, प्लासिबो १३.३. बघा, मिरिकिझुमॅबचा २४ आणि उपाडासिटिनिबचा २६ शेजारी शेजारी वाटतात, पण प्लासिबो वजा केला की एकाचे ११ राहतात आणि दुसऱ्याचे २१. म्हणून पहिला नियम, प्लासिबो वजा केल्याशिवाय आकडा लिहायचाच नाही. दुसरा, आठवडे शेजारी लिहायचे, कारण आठ आठवड्यांची आणि बारा आठवड्यांची परीक्षा एक नव्हे. तिसरा, रेमिशनची व्याख्या बघायची. वेडोलिझुमॅबच्या जेमिनी १ मध्ये एकूण मेयो स्कोअर २ किंवा कमी आणि कुठलाही भाग १ च्या वर नको एवढंच होतं, टोफासिटिनिबच्या ट्रायलमध्ये त्याच्यावर रक्त शून्य पाहिजे अशी अट आली, दुर्बिणीचे व्हिडिओ बाहेर बसलेले तज्ज्ञ वाचायला लागले, आणि नंतरच्या ट्रायलमध्ये डॉक्टरांचं मत काढून टाकून सुधारित स्कोअर आला. पेपर जसजसा कडक होत गेला तसे जुन्या आणि नव्या औषधांचे मार्क एका यादीत बसेनासे झाले.

आता वर्षभराचा आकडा, जो बाजारासाठी महत्त्वाचा. उपाडासिटिनिबचं आठ आठवड्यांचं रेमिशन २६ टक्के आणि ५२ आठवड्यांचं १५ मिलिग्रॅमवर ४२ टक्के, ३० वर ५२. दरवेळी एखादा विचारतो, सर वाढलं कसं? वाढलेलं नाही, मेंटेनन्समध्ये फक्त ज्यांना पहिल्या टप्प्यात फरक पडला तेच पेशंट घेतलेत, बाकीचे गाळले. म्हणून मी गुणाकार करतो. त्यांच्या पहिल्या ट्रायलमध्ये ७३ टक्क्यांना प्रतिसाद (स्कोअर बराच उतरणं, पूर्ण रेमिशन नव्हे) होता, त्यातले ४२ टक्के, म्हणजे सुरुवातीच्या १०० मधले साधारण ३०-३१ जण वर्षअखेर रेमिशनमध्ये. ओझानिमॉड, ४७.८ गुणिले ३७, म्हणजे १८. मिरिकिझुमॅब, ६३.५ गुणिले ४९.९, म्हणजे ३२ च्या जवळ. वेडोलिझुमॅब जेमिनी १, ४७.१ गुणिले ४१.८, म्हणजे २० च्या आत.

पण वेडोलिझुमॅबचीच दुसरी ट्रायल घ्या, व्हार्सिटी, २०१९ ला छापून आलेली, यूसीमध्ये दोन बायोलॉजिक समोरासमोर लढवणारी पहिली मोठी ट्रायल. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे पेशंट मोजले आणि वेडोलिझुमॅबवर ५२ आठवड्यांनी रेमिशन ३१.३ टक्के आलं, अडालिमुमॅबवर २२.५. म्हणजे तेच औषध, माझ्या गुणाकाराने २० आणि प्रत्यक्ष मोजल्यावर ३१! कारण जेमिनीमध्ये प्रतिसाद सहाव्या आठवड्यालाच मोजला आणि हे औषध हळू चढणारं आहे, सहाव्याला फेल झालेला पेशंट चौदाव्याला चांगला झालेला असतो. त्यामुळे हळू औषधांना गुणाकाराची पद्धत अन्याय करते हे शीटच्या बाजूला लिहून ठेवायचं. आणि त्याच व्हार्सिटीत आणखी एक आकडा आहे जो प्रेझेंटेशनमध्ये सहसा दिसत नाही, स्टेरॉइडशिवाय रेमिशन, तिथे वेडोलिझुमॅब १२.६ आणि अडालिमुमॅब २१.८. अडालिमुमॅबचा डोस वाढवायची परवानगी त्या ट्रायलमध्ये नव्हती हेही खरं. एका ट्रायलमधून दोन्ही कंपन्यांना आपापली गोष्ट सांगता येते, म्हणून पेपर अख्खा वाचायचा.

समोरासमोरच्या ट्रायल कमी आहेत म्हणून वेगवेगळ्या ट्रायल प्लासिबोच्या धाग्याने जोडून औषधांची तुलना करतात, त्याला नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. २०२२ च्या एका मोठ्या अ‍ॅनालिसिसमध्ये इंडक्शनला उपाडासिटिनिब पहिलं आलं आणि साइड इफेक्टच्या बाबतीत वेडोलिझुमॅब सगळ्यात सौम्य. माझ्या अनुभवात डॉक्टरही असंच बोलतात, एक जोरदार आणि एक सुरक्षित, आणि बाकीच्यांची या दोघांच्या मध्ये जागेसाठी मारामारी.

शेवटचं, पेशंट आधी किती औषधं खाऊन आलाय ते बघा. बायोलॉजिक फेल झालेल्या पेशंटमध्ये जवळपास प्रत्येक औषधाचे टक्के घसरतात. अशा पेशंटची भरती जास्त असेल तर औषध उगाच कमकुवत दिसतं.

पायरी ४: सेफ्टीचा रकाना, आणि भारतात सगळ्यात वर टीबी

परदेशी रिपोर्टमध्ये टीबी एका ओळीत उरकतात. आपल्याकडे तो निर्णय फिरवतो. अँटी-टीएनएफ दिलं की झोपलेला टीबी उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मँटू किंवा इग्रा टेस्ट, संशय आला तर सीटी स्कॅन, आणि लपलेला टीबी सापडला तर आधी त्याची ट्रीटमेंट. त्यात पेशंटचे आठवडे जातात आणि घाबरून काहीजण परत येतच नाहीत. जॅक गोळ्यांनाही ही तपासणी लागते, वर नागिणीचा धोका, म्हणून शक्य असेल तर आधी लस. वेडोलिझुमॅब आतड्यापुरतं काम करतं त्यामुळे टीबीची भीती कमी, आणि भारतात त्याची खरी ताकद मला इथे दिसते, टक्केवारीत नाही.

जॅकबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ठळक इशारा दिला, हृदयविकार, कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या. ज्या अभ्यासावरून हा इशारा आला तो झाला होता संधिवाताच्या ५० वर्षांवरच्या आणि हृदयाचा धोका असलेल्या पेशंटवर. यूसीचा पेशंट बहुतेकदा पंचविशी-तिशी-चाळिशीतला. तरीही लेबल (औषध कुणाला द्यायचं हे सांगणारा मंजूर मजकूर) सगळ्यांसाठी बदललं आणि अमेरिकेत जॅक गोळ्या अँटी-टीएनएफनंतरच्या रांगेत गेल्या, यूसीमध्ये टोफासिटिनिब तर २०१९ लाच तिथे गेली होती, म्हणजे अशा निर्णयाने बाजाराचा मोठा तुकडा कापला गेला. शीटमध्ये लेबलची जागा बदलली तर काय, याचं एक वेगळं सिनॅरिओ पान ठेवाच. एस१पी गोळ्यांना सुरू करायच्या आधी ईसीजी लागतो, डोळ्यांचीही तपासणी येते. आणि पेशंटमध्ये तरुण बायका भरपूर असतात, त्यामुळे गरोदरपणात काय चालतं हा रकाना विसरू नका, तिथे अँटी-टीएनएफचा अनुभव बराच मोठा आहे आणि जॅक गोळ्या टाळतात.

ॲडमिट झालेल्या गंभीर पेशंटसाठी आपल्याच देशातून एक महत्त्वाचं काम आलंय. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या टॅकोस ट्रायलमध्ये १०४ पेशंट होते, सगळ्यांना शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, अर्ध्यांना जोडीला टोफासिटिनिब. सातव्या दिवशी प्रतिसाद ८३ टक्के विरुद्ध ५९ टक्के. जेनेरिक मिळणारी गोळी आणि असा निकाल, याचा अर्थ भारतात या गोळीचा वापर अमेरिकेच्या लेबलकडे बघून कधीच मोजता येणार नाही.

पायरी ५: वर्षाचा खर्च पेशंटच्या वजनाने काढा

"पर व्हायल किंमत" बघून तुलना करू नका, वर्षभराची व्हायल मोजा. ६० किलोचा पेशंट धरू. इन्फ्लिक्सिमॅब किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे ३०० मिलिग्रॅम, १०० च्या तीन व्हायल. डोस ०, २, ६ आठवडे आणि मग दर आठ आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षी आठ डोस, २४ व्हायल. वजन ६१ झालं की कागदावर चौथी व्हायल फोडायची वेळ येते, प्रत्यक्षात डॉक्टर आकडा जवळच्या व्हायलला बसवतात. वेडोलिझुमॅब वजनावर नाही, ३०० ची एक व्हायल, त्याच वेळापत्रकाने वर्षाला आठ. अडालिमुमॅब ४० ची सिरिंज धरली तर आधी चार, दोन आठवड्यांनी दोन, मग दर दोन आठवड्यांनी एक, पहिल्या वर्षी ३०. टोफासिटिनिब आठ आठवडे १० मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर ५ दोनदा, म्हणजे ५ च्या गोळ्या २२४ अधिक ६१८, एकूण ८४२. हे आकडे एकदा काढले की पुढे फक्त तुमच्या शहरातला दर टाकायचा.

दर टाकताना एमआरपी टाकू नका. या औषधांची एमआरपी आणि स्टॉकिस्टकडून पेशंटला पडणारी किंमत यात मोठा फरक असतो, दोन-तीन डीलरना फोन करा, कंपनीची पेशंट सपोर्ट स्कीम विचारा, अमुक घेतले की तमुक फ्री असा प्रकार चालतो. इन्फ्युजनला, म्हणजे शिरेतून सलाइनसारखं औषध द्यायला, डे-केअरचं बिल वेगळं. आणि बरेच मेडिक्लेम ओपीडीच्या गोळ्या देत नाहीत पण ॲडमिट करून दिलेलं इन्फ्युजन कधी कधी देतात, त्यामुळे काही घरांमध्ये महागडं इन्फ्युजन स्वस्त पडतं आणि स्वस्त गोळी खिशातून जाते. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर परिणाम करतं, मी प्रत्यक्ष पाहिलंय.

भारतातला खर्च खाली आणला तो बायोसिमिलर (बायोलॉजिकची दुसऱ्या कंपनीने बनवलेली स्वस्त आवृत्ती) आणि जेनेरिकने. अडालिमुमॅबचा जगातला पहिला बायोसिमिलर झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आणला, एक्झेम्प्टिया नावाने. अमेरिकेत तेच व्हायला जानेवारी २०२३ उजाडला.

पायरी ६: आता बाजार, वरून खाली गाळत या

पेशंट किती इथपासून सुरुवात, आणि इथेच पहिला धक्का. लुधियानाच्या टीमने घरोघरी जाऊन ५१,९१० लोक तपासले, २३ पेशंट सापडले, म्हणजे लाखाला ४४.३, हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. १४० कोटींना लावला तर ६.२ लाख पेशंट. दुसरीकडे ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजचा २०१९ चा अंदाज, भारतात आयबीडीचे (आतड्याच्या सुजेच्या आजारांचे) सगळे मिळून, म्हणजे यूसीचा भाऊबंद क्रोन्स धरूनही, साधारण २.७ लाख. दुपटीहून जास्त फरक. पंजाबचा आकडा कराडला किंवा गडचिरोलीला तसाच लावणं मला पटत नाही, आणि मॉडेलमधून आलेला आकडा निदान न झालेल्यांना कितपत धरतो तीही शंका. मी दोन्ही घेतो, वरची आणि खालची रेघ म्हणून, आणि मधला सरासरी आकडा काढायचं टाळतो.

मग गाळणी. खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, तुमच्या इंटरव्ह्यूमधून आलेले तुम्ही टाका. समजा निदान होऊन ट्रीटमेंटवर असलेले १ लाख. मध्यम ते गंभीर ३० टक्के, राहिले ३०,०००. महागड्या औषधापर्यंत पोचणारे त्यातले २० टक्के, ६,०००. तुमच्या औषधाचा वाटा १५ टक्के, ९००. आता जी ओळ निम्मे लोक विसरतात ती, वर्षातले सरासरी किती महिने पेशंट औषधावर टिकतो. समजा सात. ९०० गुणिले ७ भागिले १२, म्हणजे ५२५ पेशंट-वर्षं. वर्षाला १ लाख २० हजार धरले तर ६ कोटी ३० लाख. आणि पहिल्या स्लाइडवर काय असतं? १ लाख पेशंट गुणिले १ लाख २० हजार, १,२०० कोटींची संधी. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण फॅक्टरी ६ कोटींवर चालते.

जागतिक आकडे घेताना एक काळजी. ह्युमिराची (मूळ ब्रँडचं अडालिमुमॅब) २०२२ ची विक्री २१ अब्ज डॉलर, स्टेलाराची (उस्टेकिनुमॅब) २०२३ ची जवळपास ११ अब्ज, हे खरं, पण त्यात संधिवात, सोरायसिस, क्रोन्स सगळं आलं, यूसी हा एक तुकडा. टाकेडाच्या एंटिव्हिओचं (वेडोलिझुमॅब) तसं नाही, ते जवळजवळ फक्त यूसी आणि क्रोन्सवर चालतं आणि तरी २०२३-२४ च्या आर्थिक वर्षात ८०० अब्ज येनपर्यंत गेलं, म्हणून आतड्याच्या बाजाराची खोली मोजायला मी ह्युमिराऐवजी एंटिव्हिओ वापरतो. उस्टेकिनुमॅबचे बायोसिमिलर २०२५ पासून अमेरिकेत आले, त्यात बंगळुरूच्या बायोकॉनचं येसिनटेकही आहे, त्यामुळे तिथली किंमत कशी पडते याकडे आपल्यालाही बघायला हवं.

गोळी म्हणजे इंजेक्शनपेक्षा जास्त खपणारच, हे गृहीतक तपासून घ्या. सेल्जीनने २०१५ मध्ये ओझानिमॉडसाठी रिसेप्टॉस ही कंपनी ७.२ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा वर्षाला ४ ते ६ अब्जांच्या विक्रीचं बोलणं होतं. औषध मल्टिपल स्क्लेरोसिस आणि यूसी दोन्हीत आलं, आणि २०२४ ची विक्री ५५-६० कोटी डॉलरच्या घरात राहिली. गोळी सोयीची होती, पण ईसीजी, हळूहळू वाढवायचा डोस, आणि मधल्या काळात आलेल्या जोरदार जॅक गोळ्या, या तिन्हींनी तिची जागा खाल्ली. फायझरने एट्रासिमॉडसाठी अरीना ही कंपनी ६.७ अब्जांना घेतली. पुढची बाजी टीएल१ए या सुजेच्या प्रथिनाला अडवणाऱ्या औषधांवर लागली आहे, २०२३ मध्ये मर्कने प्रोमेथियस बायोसायन्सेस सुमारे १०.८ अब्जांना आणि रोशने टेलाव्हंट ७.१ अब्जांना घेतली. फ्रान्सच्या अबिव्हॅक्सच्या ओबेफाझिमॉड गोळीचे फेज ३ चे इंडक्शनचे निकाल जुलै २०२५ मध्ये आले आणि शेअर एका दिवसात कित्येक पट झाला. अशा बातम्या वाचताना पायरी ३ परत उघडा, प्लासिबो वजा करा, आठवडे बघा, आणि मेंटेनन्सच्या आकड्यांशिवाय शेवटची ओळ लिहू नका.

पायरी ७: टिकण्याची ओळ माणसांना विचारून भरा

सात महिने हा आकडा मी वर असाच टाकला, पण प्रत्यक्षात तो कुठल्याच डेटाबेसमधून नीट मिळत नाही. त्यासाठी गॅस्ट्रोचे डॉक्टर हवेतच, पण तेवढ्यावर थांबू नका, इन्फ्युजन रूममधली सिस्टर आणि कंपनीच्या सपोर्ट प्रोग्रॅमचा कोऑर्डिनेटर यांना तासभर भेटा. डॉक्टरला विचारा की मागच्या दहा बायोलॉजिक पेशंटपैकी आज किती त्याच औषधावर आहेत, टक्क्यात विचारू नका, माणसं मोजायला लावा. कोऑर्डिनेटरला विचारा की पैसे कुठल्या डोसला संपतात. सिस्टरला विचारा की कोण येत नाही आणि का.

ताईचं इन्फ्लिक्सिमॅब चांगलं चाललं होतं, वहीत रक्ताच्या रकान्यात सलग चार महिने "नाही" आहे. तरी तिने पाचव्या डोसनंतर सोडलं. कराडहून पहाटेची एसटी, वाटेत बाथरूम मिळेल की नाही या धास्तीने आदल्या दिवसापासून उपाशी, पुण्यात इन्फ्युजन, रात्र माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी परत, म्हणजे दर आठ आठवड्यांनी दोन रजा, आणि परीक्षेच्या दिवसांत मुख्याध्यापकांना सांगायचं काय. कुठल्याही ट्रायलमध्ये हे "प्रतिसाद गेला" म्हणून मोजलं जाणार नाही. सोडल्यावर तीन महिन्यांत आजार उलटला, आता ती जेनेरिक टोफासिटिनिबवर आहे, सगळ्या तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जेव्हा मी त्या इन्फ्युजन रूमच्या सिस्टरना कामासाठी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून न आलेल्यांची नावं हाताने झाकली आणि फक्त गावांचा कॉलम दाखवला. न आलेल्या अकरा जणांतले नऊ पुण्याबाहेरचे होते. त्या दिवशी मी शीटमध्ये "सेंटरपासून अंतर" असा रकाना घातला, तो आजही बाजारातल्या वाट्याच्या रकान्याच्या आधी आहे.